बसवलेल्या दाताखालचे हाड किती उरले?

बैलबाजारात जोडी पारखताना जाणता गडी रंग आणि शिंगे नंतर पाहतो, आधी जबडा उघडतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, असे म्हणत तो बैलाचे वय सांगतो आणि मग पैशाची गोष्ट काढतो. स्वतःच्या तोंडात मात्र हाच माणूस वर्षानुवर्षे डोकावत नाही. दाढ दुखली तर लवंग धरतो, हलायला लागली तर दुसऱ्या बाजूने चावतो, आणि एक दिवस ती हातात येते.

आमच्या चामोर्शी तालुक्यात चाळिशीतच मागच्या दाढा गेलेली माणसे गावोगाव भेटतात. पूर्वी ती जागा रिकामीच राही, किंवा म्हातारपणी कवळी येई. आता तसे राहिले नाही. धानाचे पैसे हातात आले की गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूर गाठून ‘स्क्रूचा दात’ बसवून आलेली मंडळी खेड्यातही दिसू लागली आहेत. याला दंतवैद्य इम्प्लांट म्हणतात. दात चांगला बसतो, भाकर चावता येते, माणूस खूश होतो आणि दवाखान्याची वाट विसरतो. घोटाळा इथूनच सुरू होतो. दात जागच्या जागी दिसत असतो आणि त्याच्याभोवतीचे जबड्याचे हाड गुपचूप झिजत असते. ते झिजते आहे हे कळायचे कसे आणि मोजायचे कसे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

मी दातांचा डॉक्टर नाही. शेतकी शाखेचा पदवीधर आहे आणि उभी नोकरी मातीचे नमुने, पावसाचे आकडे आणि धानाचे फुटवे मोजण्यात गेली. पण दंतवैद्यांकडून हे सारे समजून घेतले तेव्हा वाटले की मोजणीचे शास्त्र सगळीकडे सारखेच. म्हणून आपल्या भाषेत लिहायला बसलो.

हाड आणि धातू यांची सोयरीक

आधी हा दात बसतो कसा ते पाहू. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक होते. १९५२ च्या सुमारास ते सशाच्या हाडात टायटॅनियम धातूची बारीक नळकांडी बसवून हाडातले रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळकांडे काढायला गेले तर ते निघेना. हाड धातूला असे घट्ट चिकटले होते की दोन्ही एकच झाल्यासारखे. त्यातूनच त्यांना दाताची कल्पना सुचली. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षे ते त्याच स्क्रूंवर जेवत होते. हा धातू काही परक्या दुनियेतला नाही. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीतही टायटॅनियमचे खनिज आहे.

तर हाडात भोक पाडून स्क्रू बसवतात, काही महिने तो हाडात मुरू देतात आणि मग त्यावर दाताच्या आकाराची कॅप चढवतात. स्क्रू म्हणजे मूळ, कॅप म्हणजे दात.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. देवाने दिलेला दात हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची एक गादी असते. बंडीच्या जुवाखाली बैलाच्या मानेला चिंधी बांधतो, तशीच म्हणा. त्या गादीमुळे दात किंचित दबतो, खडा लागला तर लगेच कळतो, आणि भोवतालचे हाड कमी झाले की दात हळूहळू हलू लागतो. हे हलणे म्हणजे निसर्गाची सूचनाच होय.

इम्प्लांटला ही गादी नाही. धातू आणि हाड थेट जुळलेले. त्यामुळे वरचे निम्मे हाड गेले तरी खालच्या निम्म्यात स्क्रू घट्ट असतो आणि दात तसूभर हलत नाही. धुऱ्यावर सागाचा खांब तीन हात खोल गाडला असेल आणि पावसाने वरची दीड हात माती वाहून गेली, तरी धक्का दिल्यावर तो ताठच राहतो. पुढच्या पावसाळ्यात मात्र तारेसकट आडवा होतो. इम्प्लांट हलू लागला तर समजावे की हाडाशी असलेली त्याची सोयरीक पुरती तुटली. मग तो काढण्यावाचून बहुधा इलाज राहत नाही. कॅपचा आतला छोटा पेच सैल झाल्यानेही कधी कधी वरचा दात हलतो. ते साधे काम आहे, पण ते कोणते हे दंतवैद्यानेच पाहून सांगायचे.

दुखण्याचेही तसेच. ठणका लागत नाही, गाल सुजत नाही. आमच्याकडची माणसे म्हणतात, “दात हालत नाही, दुखत नाही, मंग कायले जाऊ नागपूरले?” चामोर्शीहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या घरात. एसटीचे भाडे, एक दिवसाची मजुरी, रोवणीचे दिवस, हे सगळे मलाही कळते. पण न हलणे आणि न दुखणे हा या दाताच्या बाबतीत चांगुलपणाचा पुरावा नाही, हे मनात पक्के ठेवावे.

आधी हिरडी, मग हाड

हाड एकदम झिजत नाही. आधी स्क्रूच्या मानेभोवती अन्नाचा आणि जंतूंचा चिकट थर बसतो. हिरडी लाल होते, फुगते, ब्रश लावला की रक्त येते. एवढ्यावर थांबले तर ती नुसती हिरडीची सूज होय. नीट सफाई केली तर ती उतरते आणि हाडाला धक्का लागत नाही. दुर्लक्ष झाले तर काहींच्या बाबतीत सूज खाली उतरते आणि हाड खाऊ लागते. हा दुसरा टप्पा. इथे गेलेले हाड आपोआप भरून येत नाही.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागो शहरी अमेरिकेतले आणि युरोपातले हिरड्यांचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी या दोन टप्प्यांच्या व्याख्या ठरवल्या. त्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याआधी कोण दोन मिलिमीटर झिजेला रोग म्हणे, कोण तीनला. त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याला लागू पडत नसत. आपल्याकडे जुन्या काळी पायलीचे माप गावागावात वेगळे असे, त्यातला प्रकार. आता माप एक झाले आहे.

मोजणी तीन तऱ्हेची

पहिली नजरेची. हिरडीचा रंग, सूज, दाबल्यावर पू येतो का, हे दंतवैद्य आरशाने पाहतात.

दुसरी सळईची. बोथट टोकाची बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. ती हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच सरकवतात. दाब वीस-पंचवीस ग्रॅम वजनाइतकाच ठेवायचा असतो. एका दाताभोवती चार-सहा ठिकाणी मोजतात. विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे हे पाहतो, तसेच हे. इम्प्लांटभोवतीचे हिरडीचे तंतू खऱ्या दाताइतके घट्ट धरून नसतात, त्यामुळे सळई तिथे थोडी जास्त उतरते. पाच मिलिमीटरपर्यंतची खोली निरोगी इम्प्लांटभोवतीही सापडू शकते. तेव्हा नुसती खोली पाहून घाबरू नये. रक्त येते का, आणि मागच्या खेपेपेक्षा खोली वाढली का, हे दोन प्रश्न मोलाचे. सळईने दाताला इजा होईल म्हणून काही जण तोंड मिटून घेतात. तसे काही होत नाही. सळई न लावता “सगळे ठीक आहे” असे सांगून कोणी पाठवले, तर सळईने मोजून पाहा म्हणून आपण होऊन म्हणावे.

तिसरी मोजणी एक्स-रेची. हाड डोळ्यांनी दिसते ते इथेच, म्हणून हिच्यावर थोडे अधिक लिहितो.

एक्स-रेच्या फोटोत धातू पांढराफेक, हाड करडे-पांढरे आणि जिथे हाड नाही तिथे काळे दिसते. निरोगी इम्प्लांटच्या दोन्ही अंगांना हाड मानेपर्यंत चढलेले दिसते. झीज झाली असेल तर मानेभोवती बशीसारखा काळा खळगा दिसतो. आंब्याच्या झाडाभोवती आपण आळे करतो, त्याचा उभा छेद डोळ्यासमोर आणा, हुबेहूब तसा. खळग्याचा तळ जिथे लागतो तिथे हाडाची आजची पातळी.

ती मोजायला स्क्रूचे आटेच पट्टीचे काम करतात. किती आटे उघडे पडले ते मोजता येते आणि दोन आट्यांतले अंतर त्या त्या कंपनीने ठरवलेले असते. दुसरी रीत त्रैराशिकाची. स्क्रू खरा १० मिलिमीटर लांब आहे आणि फोटोत तो १२ भरतो असे धरा. उघडा पडलेला भाग फोटोत ३ मिलिमीटर दिसला, तर खरा किती? तीनला दहाने गुणून बाराने भागा, अडीच मिलिमीटर. गटाच्या नकाशावरून शेताची लांबी काढणाऱ्याला हे सांगायला नको.

पण फोटो सरळ निघाला पाहिजे. सकाळच्या उन्हात खांबाची सावली लांब, दुपारी आखूड. क्ष-किरणांचेही असेच आहे. किरण तिरपे पडले की हाडाची पातळी खोटी दिसते. फोटो सरळ आला की नाही हे ओळखायची एक खूण दंतवैद्यांनी मला दाखवली. दोन्ही बाजूंचे आटे करवतीच्या दातांसारखे स्वच्छ दिसले तर फोटो सरळ. ते एकमेकांत मिसळून पुसट झाले तर तिरपा, परत काढावा. सरळ यावा म्हणून फिल्म धरायला तोंडात एक छोटा साचा देतात. तो थोडा टोचतो, ओकारीसारखे होते, तेवढे सोसावे.

फोटोची म्हणून एक मर्यादा आहे. तो हाडाची डावी-उजवी बाजू दाखवतो, पण गालाकडचे आणि जिभेकडचे हाड स्क्रूच्या धातूआड लपते. शिवाय हाडातला चुना तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत गेल्याशिवाय झीज फोटोत उमटत नाही. म्हणजे फोटो हा नेहमी थोडा उशिराच बोलतो. म्हणून सळई आणि फोटो दोन्ही लागतात. सगळा जबडा एका पट्टीत दाखवणारा मोठा एक्स-रे चहूकडे काढतात. सुरुवातीच्या पाहणीला तो चांगला, पण त्यात चित्र मोठे होते आणि बारकावे पुसट येतात, त्यामुळे मिलिमीटरच्या हिशेबाला छोटी फिल्मच बरी. तिन्ही बाजूंनी दाखवणारे दाताचे स्कॅनही आता निघाले आहे. मात्र धातूभोवती त्यात रेघा आणि सावल्या पडतात, किरण जास्त लागतात आणि पैसेही. गरज असेल तेव्हाच ते काढतात, दर खेपेला नाही. गरोदर बाईने कुठलाही एक्स-रे काढण्याआधी तसे सांगावे.

पहिला फोटो हीच मूळ खूण

आता मुद्द्याचे. हाड किती झिजले हे एका फोटोवरून सांगता येत नाही. आज किती आहे एवढेच कळते. झीज म्हणजे वजाबाकी, आणि वजाबाकीला आधीचा आकडा हवा.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसे ठरावीक निरीक्षण विहिरींवर वर्षातून चारदा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, येऊन पाणी मोजतात हे अनेकांनी पाहिले असेल. तीच विहीर, कठड्यावरची तीच खूण, तेच महिने. एकदा मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये मोजून कोणी म्हणाला की पाणी वाढले, तर आपण हसू. इम्प्लांटलाही अशी मूळ खूण लागते. कॅप बसवतात त्या दिवशीचा फोटो आणि त्या सुमाराची सळईची मापे, मग वर्षाने पुन्हा तशीच. पहिल्या वर्षात हाड नव्या ओझ्याशी जुळवून घेताना थोडे खाली उतरते. हे उतरणे दोन मिलिमीटरपर्यंत पोचू नये अशी अपेक्षा असते. वर्षाअखेरीस जी पातळी ठरते ती पुढच्या हिशेबाची खरी खूण. त्यानंतर सळई लावल्यावर रक्त किंवा पू येत असेल, खोली वाढली असेल आणि फोटोत हाड त्या खुणेखाली गेले असेल, तर २०१७ च्या व्याख्येप्रमाणे तो हाडाचा रोग.

१९८६ साली स्वीडनच्या आल्ब्रेक्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कसोटी घातली होती. पहिल्या वर्षानंतर दर वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी झीज असावी, असे ते म्हणत. अजून पुष्कळ दंतवैद्य हा आकडा सांगतात. पण ०.२ मिलिमीटर म्हणजे जाड कागदाचे एक पान. फोटोवरच्या मोजणीत अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होऊ शकते. मग एका वर्षाच्या दोन फोटोंवरून ०.२ ची झीज पकडायची कशी? ती पकडता येत नाही. चार-पाच वर्षांचे फोटो ओळीने लावले तर मात्र उतार दिसतो. एका साली पाऊस कमी पडला म्हणून आपण हवामान बदलले असे म्हणत नाही, दहा सालांचे आकडे मांडून पाहतो. म्हणून नोंदींची मालिका तुटू देऊ नये. वर्षातून एकदा तरी तपासणी, ज्यांना पूर्वी पायरिया होता त्यांनी चार-सहा महिन्यांनी, आणि फोटो दंतवैद्य सांगतील तेव्हा.

पहिली नोंद नसली तर काय होते? माझ्या ओळखीच्या एका धान उत्पादकाने खालच्या जबड्यात मागे दोन इम्प्लांट बसवून घेतले होते. चौथ्या वर्षी चूळ भरताना रक्त दिसू लागले. बसवणारा दवाखाना तोवर तिथून हलला होता. दुसऱ्या दंतवैद्याने पहिला प्रश्न केला, “कॅप लावली तेव्हाचा फोटो आणला का?” फोटो कधी हातात दिलाच नव्हता आणि यांनी मागितलाही नव्हता. सातबारा, आठ-अ, पीककर्जाचे कागद, सगळे घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारा हा माणूस. दाताला एका हंगामाच्या पट्टीतून मोठा घास गेला होता, पण त्याचा एक कागद नव्हता.

अशा वेळी दंतवैद्यांना ठोक मापावर जावे लागते. मूळ खूण नसेल तर शिकागोच्या व्याख्येत तीन गोष्टी एकत्र पाहतात. सळई लावल्यावर रक्त किंवा पू, खोली सहा मिलिमीटर किंवा अधिक, आणि स्क्रूचा जो भाग हाडात असायला हवा त्याच्या वरच्या कडेपासून हाड तीन मिलिमीटर किंवा जास्त खाली. या तिन्ही असल्या तरच रोग पक्का धरायचा. याचा अर्थ काय झाला तो पाहा. ज्याच्याजवळ पहिला फोटो आहे त्याची एक-दीड मिलिमीटरची घसरणही सापडते आणि तेव्हाच इलाज सुरू होतो. ज्याच्याजवळ नाही त्याचा रोग पक्का म्हणायला तीन मिलिमीटर हाड जावे लागते. स्क्रू आठ-दहा मिलिमीटरचा असतो. त्यातले तीन गेले म्हणजे बांधीची तिसरा हिस्सा माती गेली.

या गृहस्थांच्या एका दाताखालचे हाड फार खाली गेले होते, तो काढावा लागला. दुसऱ्याची सफाई केली. त्याचे हाड तिथेच थांबले की उतरते आहे, हे आता तेव्हा काढलेल्या फोटोवरून पुढे कळेल. म्हणजे त्यांची पहिली खूण चौथ्या वर्षी पडली.

खर्रा, नस आणि साखर

हाड का झिजते याची कारणे त्याच परिषदेत तपासली गेली. पुरावा भक्कम आहे तो तीन गोष्टींचा. पूर्वी ज्याचे दात पायरियाने गेले, जो रोजची सफाई नीट करीत नाही आणि जो तपासणीला जात नाही, त्याला धोका जास्त. ज्या जंतूंनी खरी दाढ घालवली ते शेजारच्या दातांभोवती दबा धरून असतातच. पायरियाचा इलाज न करता इम्प्लांट बसवणे म्हणजे करप्या आलेल्या बांधीतच नवे पऱ्हे रोवणे. कॅप चिकटवताना जास्तीचे सिमेंट हिरडीखाली राहून गेले तर तेही कुरापत काढते. विडी-सिगारेट आणि मधुमेह यांच्याबद्दल परिषदेने प्रामाणिकपणे नोंदवले की पुरावा अजून निर्णायक नाही. तरी दंतवैद्य दोन्हींबद्दल सावध करतातच, कारण तंबाखूने हिरडीचे रक्ताभिसरण मंदावते, आणि साखर वाढलेल्या माणसाची जखम उशिरा भरते व हिरड्यांचा रोग बळावतो.

आपल्या भागात हा प्रश्न विडीपेक्षा खर्‍याचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार केलेला खर्रा पानठेल्यावर, धानाच्या बांधीत, तेंदूपत्त्याच्या फळीवर, सगळीकडे आहे. बायाबापड्यांत नस आणि गुडाखू हिरड्यांना घासण्याची चाल आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातला जवळजवळ दर चौथा प्रौढ माणूस चघळायची किंवा घासायची तंबाखू वापरणारा निघाला. आपल्या जिल्ह्यात सर्च संस्था आणि शासन यांनी २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ नावाने दारू आणि तंबाखू कमी करण्याचे काम हाती घेतले, ते उगीच नाही.

खर्‍यातली सुपारी आणखी एक काम करते, आणि ते आपल्या विषयाशी जोडलेले आहे. तिने गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, दोरीसारखे पट्टे येतात आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ मध्येच या रोगाचे वर्णन केले होते. यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणारा पदार्थ म्हटले, तंबाखू नसली तरी. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नाहीत, त्याच्या मागच्या दाढेपर्यंत ब्रश पोचत नाही, सळई पोचत नाही, आणि फोटोचा साचाही बसत नाही. म्हणजे झीज होऊ नये म्हणून करायची सफाईही गेली आणि झीज मोजायची सोयही गेली. अशा माणसाने इम्प्लांटचा विचार करण्याआधी तोंड दाखवून घ्यावे. खर्रा चालू ठेवून हजारो रुपयांचा दात बसवण्यापेक्षा ते पैसे बोअरच्या मोटारीला लावलेले बरे, असे माझे मत आहे. कोणाला राग आला तर येवो.

सापडले तर काय

नुसती हिरडीची सूज असेल तर दंतवैद्य सफाई करतात, घरी सफाई कशी करायची ते दाखवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा सळई लावून पाहतात. हाडाला लागले असेल तर आधी वरून सफाई, आणि तेवढ्याने भागले नाही तर हिरडी उघडून स्क्रूचे उघडे पडलेले आटे घासून स्वच्छ करणे. काही खळग्यांत हाडाची भर घालता येते, पण ते प्रत्येकाला जमणारे नाही. फार उशीर झाला तर स्क्रू काढतात, जागा भरू देतात आणि मग पुढचा विचार. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ पासून आहे आणि वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथेही दंत महाविद्यालय आहे. खाजगी दवाखान्यात सांगितलेल्या मोठ्या खर्चाबद्दल शंका असेल तर अशा ठिकाणी दुसरे मत घेता येते.

घरची सफाई दातवणाने होत नाही. कडुलिंबाची काडी दाताच्या तोंडाला पुरते, कॅपच्या खालच्या मानेपर्यंत जात नाही. मऊ ब्रश सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, आणि दातांच्या फटीत घालायचा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा बारीक ब्रश. तो दंतवैद्याकडूनच मापाचा घ्यावा. घरात म्हाताऱ्या आईबापांना असे दात बसवले असतील आणि हात कापत असतील, तर सुनेने किंवा नातवाने आठवड्यातून एकदा उजेडात बसवून हिरडी पाहावी. लाली किंवा रक्त दिसले तर दुखायची वाट पाहू नये.

कागदांचे तेवढे सांगून थांबतो. कॅप बसवून झाली की त्या दिवशीचा फोटो मागून घ्यावा. मोबाइलवर आला तरी चालेल, पण एक प्रत कागदावर किंवा फिल्मवर असावी. मोबाइल विहिरीत पडतात. पाकिटावर तारीख, कोणता दात, स्क्रूची लांबी आणि जाडी, सळईची मापे लिहून घ्यावी. आणि प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचे नाव आणि क्रमांक छापलेली एक चिकटपट्टी असते. तिची एक प्रत सोलून पाकिटावर लावून द्या म्हणावे. प्रत्येक कंपनीचा पेच वेगळा आणि तो उघडायचा पाना वेगळा असतो. ती पट्टी नसेल तर उद्या दुसऱ्या गावच्या हुशार दंतवैद्यालाही, नेमका कोणता पाना लागेल हे शोधण्यातच पहिल्या दोन खेपा घालवाव्या लागतात. पाकीट सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावे आणि दर तपासणीला बरोबर न्यावे.